इंटर्नशिपची पत्रिका

आम्ही डिझाइन कॉलेजच्या मैत्रिणी जमलो, का चहा यायच्या आधीच दोन किस्से होऊन जातेत, अन् त्यातले निम्मे वनिताचेच राह्यतेत. ती मुकुटबनकडच्या तांड्यावरची, मी बाभुळगावची. यवतमाळात आम्ही दोघी एकाच खोलीत राहाचो.

शेवटच्या वर्षाले सरांनी सांगून टाकलं, "इंटर्नशिप स्वतः शोधा. नाही मिळाली तर तीन महिने चौकातल्या फ्लेक्सच्या दुकानात." म्हणजे भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर! मले तर त्या विचारानंच रडू ये. पुण्यातल्या स्टुडिओंना ईमेल करून करून आम्ही थकलो, एकाचंही उत्तर नाही.

वनिता म्हणे, "मेल कोन उघडते? हातानं अर्ज छापून पोस्टानं धाडू. हातात आलेला कागद मानूस पाह्यतेच."

*

छापाले गेलो रशीदचाचाकडं. त्यायच्याकडं पायानं चालवाची जुनी मशीन. जन्मभर लग्नपत्रिका छापल्या त्या मानसानं. आमचा मजकूर त्यायनं चष्मा वर करून वाचला. मोठमोठं इंग्रजी, आम्ही किती क्रिएटिव्ह, किती पॅशनेट.

"बेटा, पत्रिकेत लोक तीनच गोष्टी पाह्यतेत. कोनाची पोरगी, कोनत्या गावची, तारीख काय. बाकी सब डेकोरेशन."

मंग आम्ही दोघींच्या वेगवेगळ्या पत्रिकांत तेवढंच ठेवलं. आतून लाकडात कोरून छापलेली आमची चित्रं, अन् खाली 'दोन मेपासून तीन महिने कामाला येत आहे.'

मी भीतभीत म्हटलं, "चाचा, 'येऊ का' असं लिहू ना."

"लग्नपत्रिकेत कोनी 'करू का' लिहते का?"

*

पोस्टातले काका शिक्का असा हाणत, का पाकिटाचा जीव जावा. आम्ही पाकिटावर शिक्क्यासाठी गोल जागा सोडलती. वनितानं बोट ठेवून दाखवलं, "काका, बरोबर इथंच मारा. डिझाइनमधे हाय."

काकांनी जागा पाह्यली, शिक्का पुसला, श्वास धरून मारला. मंग पाकीट दूर धरून पाह्यलं. मागं दारापर्यंत लाइन.

"हा तिरपा गेला," काका म्हणाले. "दुसरं पाकीट आना."

*

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. सरांनी फ्लेक्सवाल्याले आमची नावं देऊन टाकलती. चाचाले सांगितलं, तर ते आमच्यावरच तापले.

"पत्रिका पोस्टानं धाडली? काहून? सोयरे रुसतेत अशानं. घरी जाऊन हातात द्या लागते!"

वनितानं त्याच दिवशी पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या दोन सीटा बुक केल्या. मले विचारलंही नाही.

*

पुण्यात एका स्टुडिओच्या दारावर वॉचमन. "अपॉइंटमेंट आहे का?"

"नाही. पत्रिका द्याची हाय," वनिता म्हणाली.

वॉचमननं तिच्या हातातली पत्रिका पाह्यली अन् दार उघडलं. पत्रिका घेऊन आलेल्याले दारातून वापस कोन पाठवते?

आत स्टुडिओचे मालक बसले होते. त्यांनी पत्रिका वाचली, उलटी केली, शाईवरून बोट फिरवलं. "छान छापलंय. पण यंदा आम्ही इंटर्न घेत नाही आहोत."

मी माही पत्रिका पिशवीतच ठेवली. वनिता जागची हालली नाही.

"सर, तारीख छापून झाली," ती म्हणाली. "आमच्याकडं छापलेली तारीख बदलत नाही."

मालक हसले नाहीत. टेबलावरचं कॅलेंडर ओढून त्यांनी मे महिना काढला अन् दोन तारखेवर तिचं नाव लिहिलं. मंग पेन तसाच धरून माह्याकडं पाह्यलं.

"तुमची कोणती तारीख छापली आहे?"