पत्रकावरची निश्चिंत बाई

“माझ्या तोंडून खोटं वदवलंस तू! माझ्या तोंडून!” आईनं पत्रक शिलाई मशीनवर आपटलं. “आता त्या नर्सबाईला काय तोंड दाखवू मी?”

“अगं, जाहिरात आहे ती. जाहिरातीत असंच असतं,” बारकी म्हणाली. हे वाक्य तिनं एवढ्या वेळा म्हटलं होतं की तिचं तिलाच ते पोकळ वाटायला लागलं होतं.

“असंच असतं ना? मग तुझ्या साहेबाच्या आईला छापायचं होतं.”

“फोटो मात्र सुरेख आलाय हो, वहिनी,” आत्या चष्मा कपाळावर ढकलत म्हणाली. “फक्त माणूस चुकलं. टेलिफोन खात्यात जन्म घालवून निवृत्त झाले मी, आणि निवृत्तीत मजेत आहे म्हणून छापून आलात तुम्ही.”

बाबांना हसू आलं. आईनं त्यांच्याकडे पाहताच त्या हसण्याचा खोकला झाला.

पत्रकावर आई खळखळून हसत होती. शेजारी मोठ्या अक्षरांत होतं, ‘आता प्रत्येक दिवस माझा. मी निश्चिंत आहे, कारण मी वेळेवर ठरवलं.’ आई निवृत्त झालेली नव्हती आणि नजीकच्या काळात होण्याची चिन्हंही नव्हती. दिवसभर ती लोकांच्या पँटींची लांबी कमी करायची, चेनी बदलायची, सैल कपडे घट्ट आणि घट्ट कपडे सैल करायची. आयुष्यात तिनं ठरवून पैसे घातले होते ते एकाच गोष्टीत, त्या मशीनमध्ये.

दुपारी नर्सबाई युनिफॉर्म सैल करून घ्यायला आली होती. माप देता देता तिनं पर्समधून हे पत्रक काढलं. “ताई, कधी बोलला नाहीत हो! तुम्ही या निवृत्ती योजनेत पैसे ठेवलेत म्हटल्यावर मला चौकशीची गरजच नाही. सोमवारी जाऊन सही करते.”

“मी नाही म्हटलं असतं तर तू खोटी पडली असतीस,” आई आता बारकीला सांगत होती. “हो म्हटलं असतं तर मी. म्हणून मी गप्प बसले. इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकासमोर मुकाट्यानं टेप धरून उभी राहिले. ऐकतेस ना?”

“तुला विचारलं होतं मी.”

“कधी?”

विचारलं होतं हे खरं, पण तेव्हा आईच्या ओठांत टाचण्यांची रांग होती आणि हातात कोणाच्या तरी पँटची शिवण. “आई, तुझा एक फोटो ऑफिसच्या कामाला घेऊ?” या प्रश्नावर टाचण्यांमधून “हं” असा आवाज आला होता. त्याला परवानगी म्हणायचं हे बारकीनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप सक्तीची होती. तिचं प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय पदवी नव्हती. ही गुंतवणूक कंपनी मिळाली तेव्हा घरात केवढा आनंद झाला होता! प्रत्यक्षात पहिले कितीतरी आठवडे मार्केटिंगशी तिचा संबंध प्रिंटरपुरताच आला. तिला तिथं नावही नव्हतं. “इंटर्न, कागद संपलेत.” “इंटर्न, या शंभर जणांना फोन लाव.” मग निवृत्ती योजनेचं पत्रक निघालं. विकत आणलेल्या फोटोंत पांढऱ्याशुभ्र दातांची जोडपी बोटीवर उभी होती. विभागाच्या मॅडम वैतागल्या, “यातलं एक तरी माणूस आपल्या ओळखीचं वाटतं का?” तेव्हा बारकीनं मोबाइल पुढं केला. आईच्या गळ्यातली टेप कापून टाकली, मागचं मशीन पुसट केलं आणि ते वाक्यही बारकीनंच लिहिलं. “परवानगी आहे ना लेखी?” मॅडमनी विचारलं. “हो, आणून देते,” ती म्हणाली. पुढं कोणी मागितली नाही. त्या दिवसापासून दोघा-तिघांना तिचं नाव आठवायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती सरळ मॅडमच्या टेबलाशी गेली.

“पत्रक मागं घेता येईल?”

मॅडम डबा उघडत होत्या. त्यांनी झाकण पुन्हा लावलं. “सगळ्या शाखांत गेलंय ते. साहेबांनी तुझं नाव विचारलं काल. परीक्षा झाली की तुला इथंच घ्यायचं म्हणतायत. आणि तू हे काय काढलंस?”

“आईची परवानगी नव्हती.”

“लेखी नव्हती, की नव्हतीच?”

“नव्हतीच.”

मॅडमनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “हे बघ, असं लेखी आलं तर पत्रक काढावंच लागेल. पण मग परवानगी आहे असं मला कोणी सांगितलं, हेही लिहावं लागेल. म्हणजे प्रमाणपत्र गेलं. नोकरीचं तर बोलायलाच नको. वेडेपणा करू नकोस. आई आहे ना तुझी? समजाव तिला. एक सही आण, विषय संपला.” त्यांनी संमतीचा कागद तिच्या हातात दिला.

वाईट बाई नव्हत्या मॅडम. मनापासूनच सांगत होत्या.

घरी जाण्याआधी बारकी हॉस्पिटलवर गेली. नर्सबाईची ड्युटी बदलत होती; मागच्या दारापाशी बाकावर बसून ती बूट बदलत होती.

“काकू, ते पैसे कशासाठी ठेवताय?”

“गुडघ्यासाठी गं. पुढच्या वर्षी ऑपरेशन करून घेईन म्हणते. तोवर वाढले तर तेवढेच वाढले.”

बारकी तिच्या शेजारी टेकली. “मध्ये निघत नाहीत ते. दहा वर्षं हात लावता येत नाही.”

“कुठं लिहिलंय?”

“मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. पुढं गर्दी होत होती म्हणून मीच मागं ढकललं.”

“पण ताईंनी तर...”

“आईनं एक पैसाही ठेवलेला नाही, काकू. फोटो मी लावला. वाक्यही माझंच.”

नर्सबाईनं हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाली, “बाई गं. आणि मी वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटले, की आमच्या शिवणवाल्या ताई थापा मारणाऱ्यातल्या नाहीत म्हणून.”

बारकी घरी पोचली तेव्हा ताटं वाढलेली होती. घरातली हवा बदलल्याचं तिला दारातच कळलं. मॅडमचं बोलणं तिनं दुपारीच बाबांना फोनवर सांगितलं होतं; तेव्हापासून त्यांनी आईचं मन वळवलेलं दिसत होतं.

“कुठं सही करायची ते दाखव,” आई तिच्याकडे न बघता म्हणाली. “एका फोटोपायी पोरीचं वर्ष घालवायला मी काही तुझी वैरीण नाही. दिली परवानगी. जा, सांग त्यांना.”

“सही करताना जरा हसा, वहिनी,” आत्या म्हणाली. “नेम नाही, तीही छापतील.”

“तू गप गं,” बाबा म्हणाले. “बारके, घे सही आणि मिटव.”

बारकीनं संमतीचा कागद बॅगेतून काढलाच नाही. उभ्याउभ्याच तिनं गुडघ्याचं सांगितलं, दहा वर्षांचं सांगितलं, वॉर्डाचं सांगितलं. आईचा घास हातातच राहिला.

“मग नर्सबाईला तू सांगितलंस ना? झालं तर,” बाबा म्हणाले. “वॉर्डात ती सांगेल.”

“आणि आईची बाकीची गिऱ्हाइकं? त्यांच्यातल्या कोणाकोणाच्या हातात ते पत्रक पडलंय, ते आपल्याला कोण सांगणार?”

“नोकरी चालून आलीय तुझ्याकडे, पोरी.”

“ती याच फोटोवर आलीय, बाबा.”

“मी देतेय ना परवानगी!” आई कळवळून म्हणाली. “माझा चेहरा आहे, माझं मी बघून घेईन.”

“आज देतेयस. तेव्हा नव्हती.” बारकीनं हात धुतले, पुसले आणि ती आपल्या ताटावर येऊन बसली. “उद्या सकाळी मी ऑफिसात लिहून देणार आहे, की परवानगी घेतली नव्हती आणि घेतली म्हणून मी खोटं सांगितलं. पत्रक निघेल. प्रमाणपत्र मिळणार नाही. इंटर्नशिप सुट्टीत दुसरीकडे करीन, पदवी सहा महिने उशिरा घेईन. ठरलंय माझं.”