सहाशे वेळा टाकलेला फासा

सुतारतात्यांच्या हाताबद्दल गल्लीत कुणी ब्र काढला नव्हता. त्यांच्या लाकडी फाशाला काटकोन तपासायचा गुण्या लावला, तर केसभर फट दिसायची नाही. आणि आता खेळण्यांचा दुकानदार चाळीस फाशांची पिशवी परत आणून सांगत होता, की गिऱ्हाइकं यांना लबाड म्हणतात, सहाच फार पडतात. शनिवारपर्यंत काय ते बघा, नाहीतर मी दुसरा सुतार गाठतो.

लबाड! तात्यांनी घरी येऊन सुनेला सगळं सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची. तिचं म्हणणं साधं होतं: बाजू सहा, सगळ्या सारख्या, तेव्हा साठ वेळा टाकला तर सहा साधारण दहादा पडावेत. तात्यांनी तिथंच मांडी ठोकून फासा साठदा टाकला. सहा पडले चौदा वेळा.

"म्हणजे लबाडच की मी."

"तात्या, साठाचं काय घेऊन बसलात? थोड्या वेळा टाकला तर फासा हवा तसा नाचतो. सहाशे टाका, मग बोलू."

बसले की हो! बायको कागदावर रेघा ओढत होती. दोनशेनंतर तिनं टोमणा मारलाच, की एवढी चिकाटी संसारात दाखवली असती तर बरं झालं असतं. यायला हवे होते शंभरच्या आसपास. आले एकशे एकतीस. सूनबाईही चमकली. तिचं गणित चुकलं नव्हतं, पण ते सारख्या बाजूंच्या फाशाचं होतं.

मग हा सारखा नाही कुठं? तात्या फासा उलटासुलटा करत राहिले. रंग वर्षानुवर्षं टिकावा म्हणून ते गिरमिटानं ठिपके चांगले खोल कोरायचे, त्याचा केवढा अभिमान! आता गंमत बघा, सहाच्या बाजूला सहा खळगे, समोर एकच. सहाकडचं लाकूड जास्त गेलेलं. हलकी बाजू वर येणारच.

त्यांनी नवा फासा केला, ठिपके नुसते रंगवले. पुन्हा सहाशे. एकशे चार.

"चार जास्तच," तात्या कुरकुरले.

"इतकं इकडंतिकडं व्हायचंच," सूनबाई म्हणाली. "बरोब्बर शंभर आले असते, तर मी तुमच्या मोजण्यावर शंका घेतली असती."

शनिवारी तात्यांनी चाळीस नवे फासे नि रेघांचा कागद दुकानदारापुढं ठेवला.

"गिऱ्हाइकं खरं बोलत होती. लबाड मी नव्हतो, पण फासे होते."

दुकानदारानं एका ठिपक्यावर नख फिरवलं. "हा रंग उडेल की हो."

"उडेल. उडाला की घेऊन या, पुन्हा लावून देईन."

त्यानं नव्या फाशांची पिशवी उचलली.