पालथ्या डोंग्यांचा दिवस

गोंदियाहून छोट्या लाईनीची गाडी सुटली तेव्हा माझा चुलतभाऊ माधव खिडकीशी चालत चालत तिसऱ्यांदा बजावत होता, "ताई, रानात एकटी फिरू नकोस. त्या भागात अस्वलं फार."

माधव गोंदियात भाताच्या गिरणीत कारकून होता. नाताळच्या सुटीला मी साताऱ्याकडून त्याच्याकडे आले होते. मी शाळामास्तरीण. आयुष्यात कृष्णा नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. नवेगाव बांधाचं तळं मैलोन्‌मैल पसरलंय आणि थंडीत तिथे दूरदेशचे पक्षी उतरतात, असं माधवच्या तोंडून ऐकलं आणि सुटी दोन-चार दिवस वाढवून घेतली. पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं.

गाडी इतकी सावकाश चालते की उतरून बोरं वेचावीत आणि पुन्हा चढावं. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांतून (भातखाचरांना तिकडे बांधी म्हणतात) लाखोळीची निळसर फुलं आली होती. डब्यात अर्धी माणसं हिंदी बोलत होती, अर्धी मराठी, आणि एकाच वाक्यात दोन्ही बोलणारीही पुष्कळ. शेजारच्या म्हातारीने मला विचारलं, "कोठी जाऊन रायल्या, बाई?" मी नवेगाव बांधाचं नाव काढताच ती म्हणाली, "आज? आज तिथं काई नाई भेटत." आणि तोंड फिरवून बसली.

देवलगावला उतरून बैलगाडी केली. वाटेत चाकाचा आरा मोडला आणि शेवटचे दोन मैल मी बोचकं काखेत मारून चालले. दोन्ही बाजूंना मोह आणि साजाची झाडं. उन्हं वर आली होती तरी धुकं पुरतं उठलेलं नव्हतं. एका वळणावर झाडी संपली आणि समोर तळं आलं.

पाण्याला पलीकडचा काठ होता, पण तो डोंगरांचा होता. मध्ये पक्ष्यांचे काळे पट्टे तरंगत होते, आणि एक पट्टा उठला की तळ्याचा आवाज बदलायचा. डोंगा (छोटी नाव) करून त्यांच्या जवळ जायचं, एवढंच मनात ठेवून मी काठावरच्या ढिवरटोलीकडे, म्हणजे मासेमारांच्या वस्तीकडे, वळले.

काठावर वीस-पंचवीस डोंगे होते आणि सगळे पालथे घातलेले. जाळी कुडांवर वाळत होती. पहिल्याच घरापुढे पन्नाशीची एक बाई अंगण सारवत होती. उंच, हाडकुळी, कपाळ मोकळं. मी डोंग्याचं विचारलं.

"आज डोंगा पान्यात जात नाई," ती मान वर न करता म्हणाली.

"उद्या?"

"उद्याचं उद्या पाहू. तरा (तळं) पाहाचा असंल त इथूनच पाहा. बसा."

इतकं रोखठोक बोलणं आमच्याकडे भांडणात ऐकू येतं. मी जरा दुखावले, पण चालून पाय भरून आले होते, म्हणून बसले. तिने हात धुतले, पितळी तांब्यातून पाणी दिलं आणि कोण, कुठली, एकटी कशी, सगळं विचारून घेतलं. तिचं नाव सगुणाबाई. मग म्हणाली, "आज माह्या भावाचं वर्षश्राद्ध हाये. जेवूनच जा."

मासेमारांच्या वस्तीत त्या दिवशी मासा शिजला नव्हता. नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. भात मऊ आणि सुगंधी होता. इतका चांगला भात मी पूर्वी खाल्ला नव्हता हे सांगताना लाज वाटते, कारण जेवता जेवता तिने जे सांगितलं त्यापुढे भाताची चव लक्षात राहायला नको होती.

तिचा भाऊ भिवा. आई-बाप पटकीत गेले तेव्हा तो तीन वर्षांचा, ती बालविधवा होऊन माहेरी परतलेली. तिनेच त्याला वाढवलं. भिवा भजन म्हणायचा, खंजिरी वाजवायचा. निवडणूक आली तशी त्याला नवाच नाद लागला. पलीकडच्या काठावरच्या एका गावचा मालगुजार (पूर्वीचा गावमालक) सगळ्यांना सांगत फिरत होता की, पेटीत मत टाकताना सरकारी माणूस बघतो आणि रात्री मला येऊन सांगतो. भिवाने माशांच्या दोन टोपल्या घेतल्या, एकीवर एक खूण, दुसरीवर दुसरी, आणि लुगड्याचा पडदा बांधून त्यामागे ठेवल्या. एकेकाच्या हाती मोहाचं पान द्यायचा. पान टाकून बाहेर आलं की सगळ्यांना विचारायचा, "सांगा, यानं कोन्या टोपलीत टाकलं?" कोणाला सांगता यायचं नाही. मग म्हणायचा, "मालगुजारालेबी नाई सांगता येत." असं तो टोलीटोलीतून करत होता.

मतदानाच्या आदल्या सांजेला रानातल्या वाटेवर तो मरून पडलेला सापडला.

"अस्वलानं मारलं, असं लिवलं कागदात," सगुणाबाई म्हणाली. "मी न्हाऊ घातलं त्याले. मानेवर दोन घाव. अस्वल कुऱ्हाड घेऊन फिरते का, बाई?"

दुसऱ्या दिवशी तिरडी निघाली ती मतदानाच्या शाळेवरून. स्मशानातून परतताना सारी टोली, बाया-माणसं, ओल्या अंगाने रांगेत उभी राहिली. सुतक असताना घराबाहेर पडू नये म्हणतात. सगुणाबाई सगळ्यांत पुढे होती.

"देवाचा कोप होईल असं नाही वाटलं?" मी विचारलं.

"देव माह्याच बाजूनं रांगेत होता," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

मग तिने मला विचारलं, "तुमच्याकडं नाई मारत का असं?"

मी सांगितलं. अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत दिल्लीत ती हत्या झाली. बातमी आली तेव्हा माझे वडील पाटावरून उठले, जेवले नाहीत, घरात चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी जमाव आला. मारणारा आमच्या जातीचा होता म्हणून गावातली आमच्या जातीची घरं पेटवली. आमचंही गेलं. जमावात ओळखीचे चेहरे होते. पुढे गाव निवळलं, लोक पुन्हा बोलू लागले. वडील म्हणाले, झालं गेलं, आपण माफ केलं.

सगुणाबाईने विचारलं, "कोनी येऊन म्हनलं का, आग मी लावली म्हनून?"

"नाही."

"मंग तुमी माफ कोनाले केलं?"

माझा हात ताटातच वाळला.

दुपारी टोलीतली माणसं तळ्याच्या बांधावरच्या देवापाशी जमली. आजूबाजूच्या वस्त्यांतूनही आली. गोंड होते, मोलमजुरी करणारे होते, दोन-तीन धानशेतीचे मालकही लांब उभे होते. भिवाची खंजिरी एका पाटावर ठेवली होती. भजन सुरू होणार एवढ्यात मालगुजाराचा दिवाणजी आला. स्वच्छ धोतर, अंगावर शाल, बोलणं मधाळ. तो म्हणाला, "सगुणाबाई, मालकांनाही दुःख आहे. या देवापुढे सभामंडप बांधून द्यायची त्यांची इच्छा आहे. त्यावर भिवाचं नाव कोरू. रानात अस्वलाच्या हल्ल्यात गेला, असं लिहू. सगळ्यांनी मनातली अढी काढावी. क्षमा हाच धर्म."

मंडपाची गरज खरीच होती. देव उघड्यावर होता आणि म्हाताऱ्यांचे डोळे तिकडे वळलेले मी पाहिले.

"माफी मागाले कोन आलं?" सगुणाबाईने विचारलं. "तुमी?"

"मागायचा प्रश्न नाही..."

"मंग देऊ कोनाले? देवाले मंडप पायजे असंल त देव आमाले मागंल. आमी कुडाचा बांधू. तुमचं अस्वल तुमच्या घरी न्या."

दिवाणजीने जमलेल्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं, चेहरे लक्षात ठेवल्यासारखं. पूर्वी एवढ्यावर माणसं पांगली असती, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एकही उठला नाही. उलट मागच्या बाया पुढे सरकून बसल्या. तो गेला.

मग भजन झालं. आणि भजनानंतर गर्दीतून चाळिशीचा एक माणूस उभा राहिला. सोमा. भिवाच्याच डोंग्यावरचा जोडीदार. दहा वर्षं दोघांनी एक जाळं ओढलं होतं, तिरडीलाही त्याने खांदा दिला होता. तो सगुणाबाईला बाई म्हणे, तिकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात.

"बाई," तो म्हणाला, "वाट मी सांगतली."

खोकणारे थांबले.

"मालगुजाराच्या पुतन्यानं इचारलं, भिवा कोन्या वाटेनं येते. मी सांगतलं. दोन दनके देतीन, भेव घालतीन, असं वाटलं मले. मले तरा ठेक्यानं देतो म्हनला होता. संगं दोन गडी होते, त्यायले मी ओरखतो. वर्षभर मी तुह्या घरी जेवलो, बाई."

दोघे-तिघे त्याच्या अंगावर धावले. एकाने काठी उगारली. सगुणाबाई उठून मध्ये उभी राहिली. काठी तिच्या खांद्याला घासून गेली. तिने ती धरली आणि काढून घेतली.

ती सोमाकडे वळली. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. ती त्याला मारेल असंच मला वाटलं. आणि मारलंही. एक सणसणीत थोबाडीत. मग तिथेच खाली बसली आणि पहिल्यांदा रडली, मोठ्याने, कोणाची पर्वा न करता. तिच्याबरोबर बाया रडू लागल्या. वर्षभर जो माणूस अस्वलाने मेला होता, तो त्या दुपारी माणसांच्या हातून मेला, आणि सगळ्यांनी मिळून त्याला रडून घेतलं.

डोळे पुसून ती सोमाला म्हणाली, "माफ केलं तुले. माह्याकडून संपलं. पर हेच कचेरीत सांगा लागंल."

"मलेबी आत टाकतीन, बाई."

"टाकतीन," ती म्हणाली. "मी येतो संगं."

मी ती रात्र तिच्याच घरी काढली. पक्षी मी जवळून पाहिले नाहीत. सकाळी आम्ही तिघं एकाच बैलगाडीतून देवलगावला निघालो. सगुणाबाई पुढे, मी मध्ये, सोमा मागे पाय लोंबकळत सोडून. त्याची बायको वेशीपर्यंत गाडीमागे आली आणि उभी राहिली. रानातल्या एका वाटेपाशी सगुणाबाईने गाडी थांबवली, उतरली, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि परत चढली. सोमा खाली बघत होता. तीन तासांच्या प्रवासात ती दोघं फक्त एकदा बोलली. तिने शिदोरीतला भात त्याच्यापुढे केला, "खा. तिथं कवा भेटंल सांगता येत नाई." तो जेवला.

गोंदियाला माधव मला न्यायला आला होता. त्याने सोबतीची माणसं पाहिली, सगळं ऐकलं आणि पांढराफटक पडला. "यात तू पडू नकोस," म्हणाला. मी पडले नाही, त्यांना फक्त पोलीस कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत सोडलं. पण दारातला शिपाई "कायको आए?" म्हणून खेकसला तेव्हा सगुणाबाई जे म्हणाली ते ऐकून मला परत जावंसं वाटेना. ती म्हणाली, "खून लिवाचा हाये. मांगच्या खेपेस तुमी अस्वल लिवलं होतं."

आठ महिन्यांनी तिचं पत्र आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. कुऱ्हाड चालवणाऱ्या दोघांना शिक्षा झाली. सोमालाही झाली, थोडी कमी. पुतण्या पुराव्याअभावी सुटला. सोमाच्या बायकोला ती आपल्या जाळ्यातला अर्धा वाटा रोज नेऊन देते. सुटलेल्याबद्दल एकच ओळ होती: त्याने कबूल केलं नाही, म्हणून त्याला माफी नाही, आणि पुढच्या निवडणुकीला टोपल्या घेऊन मी त्याच्याच गावात जाणार आहे.

पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. वडील उठून बाहेर गेले. आई म्हणाली, "फार कठोर बाई दिसते." मला ती कठोर वाटली नव्हती. त्या दुपारी बांधावर जी क्षमा मी पाहिली, तिला तोंड होतं, नाव होतं, गालावर उठलेली पाच बोटं होती. आमच्या घरातल्या क्षमेला यातलं काहीच नव्हतं. आम्ही भ्यायलो होतो आणि त्याला मोठं नाव दिलं होतं.

त्याच आठवड्यात मी आमच्या गावच्या वाण्याच्या दुकानात गेले. आमचं घर पेटलं त्या दिवशीच्या जमावात तो होता, मी स्वतः पाहिला होता. गेली चार-पाच वर्षं आम्ही एकमेकांना हवापाणी विचारत होतो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. ती जाण्याची मी वाट पाहिली नाही.

"आमच्या घराला आग कोणी लावली?" मी विचारलं.

तागडी त्याच्या हातात तशीच राहिली. तो म्हणाला, "आता कशाला ते, बाई?"

"माफ करायचंय," मी म्हटलं. "म्हणून विचारतेय." आणि तिथल्या बाकावर बसून राहिले.