शेणखतवाले व्याही आणि बांधापलीकडचा युरिया

साऱ्या नगर जिल्ह्यात शेणाविषयी इतक्या आदबीनं बोलणारा माणूस आमच्या व्याह्यांखेरीज दुसरा निघायचा नाही. लेकीच्या लग्नाची बैठक आमच्या पारनेरच्या घरी होती, तेव्हा मुलीचं शिक्षण, स्वयंपाक, स्वभाव, सगळ्याची उत्तरं पाठ करून मी बसलो होतो. या गृहस्थांनी विचारलं काय, तर "पाव्हणं, दावणीला जनावरं किती, अन् त्यांचं शेन जातं कुठं?" माझं कापडाचं दुकान, दावणीला काय तागे बांधणार? तरी लग्न जमलं, कारण शेजारच्या गोठ्याचा उकिरडा त्यांच्या मनात भरला. दिवाळीला लोक फराळाचे डबे पाठवतात. यांच्याकडून देवळाली प्रवऱ्याहून टेम्पोनं गांडूळखताचं पोतं आलं. आमच्याकडे तुळशीची एकुलती एक कुंडी. ती तुळस त्या वर्षी खिडकीच्या वर गेली, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

सकाळी चहाच्या आधी ते मूठभर माती नाकाशी धरत आणि मगच कुणाशी बोलत. युरियाचं नाव तोंडी घेत नसत. नुसतं "पांढरं" म्हणत, घराण्याला बट्टा लावणाऱ्या भाऊबंदाविषयी बोलावं तसं. "पांढरं म्हंजी दारू. ऊस चार दिस नाचतो, मंग पडतो." आणि दैव बघा, त्यांच्याच पोटी आमचे जावई जन्मले. शेतकी शिकलेले, घाईचे, गोणी फोडली की आठवड्यात रान काळंभोर हिरवं दिसलं पाहिजे म्हणणारे. "दादा, तुमचं खत कुजस्तोवर मीच कुजून जाईन," असं बापाला तोंडावर सुनवायचे. शेवटी रानात मधोमध बांध घातला: अलीकडे वडिलांचं शेणखत, पलीकडे मुलाचा युरिया.

पलीकडचा ऊस बघता बघता कमरेला लागला आणि व्याह्यांची झोप उडाली. जन्मभर "खताला मुरू द्या" सांगत फिरलेला हा माणूस. पण ईर्षेला पेटल्यावर त्यांनीच खड्ड्यातलं कच्चं, वाफाळतं शेण उपसून उसाला घातलं. व्हायचं तेच झालं. कच्च्या शेणापायी हुमणी लागली. ही पांढरी, जाडजूड अळी उसाची मुळं खाते. बेट धरून ओढलं की अख्खं हातात येतं. बरं, अळीला बांध थोडाच कळतो? ती पलीकडेही गेली. तिकडचा ऊस तर युरियाच्या जोरावर नुसताच उंच होऊन वाऱ्यानं लोळला होता. दोघांचीही फजिती झाली, पण चूक कबूल करायची कुणी? बापलेकांचं बोलणं बंद झालं. ऊस कसाबसा तुटून गेला आणि उन्हाळ्यात लेकीचा फोन आला, "अप्पा, ह्यांनी नागापूरला कंपनीत नोकरीचं बोलून ठेवलंय. रान सोडून आम्ही निघतोय. मामंजी म्हणतात, जा. पण दोन दिवस जेवले नाहीत."

मी मिळेल त्या गाडीनं गेलो. एकुलता एक पोरगा गेला तर या माणसाचं काय होईल, या विचारानं वाटभर जीव थाऱ्यावर नव्हता. समजुतीची वाक्यं जुळवून नेली होती, पण पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि व्याही समोरच्या रानात होते. आदल्या दिवशी वळीव पडून गेला होता. वळवानंतर हुमणीचे भुंगेरे, त्या अळीचेच पंख फुटलेले किडे, दिवस मावळता जमिनीतून निघून कडुनिंबावर बसतात; तेव्हाच फांद्या झोडून ते खाली पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, नाहीतर तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या खोडव्यालाही तीच अळी. व्याही एकटेच बांधावरचा निंब झोडत होते आणि काठी फांदीला पोचत नव्हती. जावई ओट्यावर बांधलेल्या सामानापाशी बसून बघत होते. मग उठले, अनवाणीच गेले आणि वडिलांच्या हातातली काठी घेत म्हणाले, "घमेलं धरा तुमी. डोळ्यात पडतील."

भुंगेरे टपटप पडत राहिले. घमेलं भरत आलं तसं त्यातच बघत व्याही म्हणाले, "उद्या तुझी गोनी आन. माझं कुजल्यालं खाली, तुझं वरून."

"आनतो. मापातच टाकू," जावई म्हणाले.

ओट्यावर लेक सामान सोडायला लागली. इतका वेळ छातीवर धरलेलं ओझं कुणी उतरून घ्यावं तसं मला झालं, आणि खरं सांगतो, त्या रात्री मी चार भाकरी खाल्ल्या. व्याहीही जेवले.

परवा खोडवा बघायला गेलो होतो. बांध नांगरून टाकलाय, कुठं होता ते सांगता येत नाही. व्याही आता थकलेत. स्टँडवर सोडायला आले ते सावकाश, वाटेत दोनदा थांबून. मी चेष्टेनं विचारलं, "मग, जिंकलं कोण? शेण का गोणी?"

ते हसले नाहीत. येणाऱ्या गाडीकडे बघत म्हणाले, "जिंकायचं लई मनात हुतं, पाव्हणं. पर आपलं खत खरं ठरलं अन् रानात पोरगंच न्हाई, तर खरं ठरलं म्हनून सांगायचं कुनाला?"