ज्याच्या हाती गुआम्पा

कोंबडा आरवायच्या आधी आमच्या कोपऱ्यावर न्या सेफेरिनाची, म्हणजे सेफेरिनाबाईची, लाकडी उखळी वाजते. पुदिना, गवती चहा, कोकूचा पाला, ज्याला जे हवं ते ठेचून ती त्याच्या तेरेरेच्या, म्हणजे येर्बाच्या पाल्यावर ओतून नळीने प्यायच्या गार चहाच्या, पाण्यात टाकते. वर ऐकवतेही, "काल पुन्हा चरबीचं खाल्लंस ना? तोंडच सांगतंय." औषध, शिव्या आणि लाड, सगळं ग्वारानीत, इथल्या मूळ भाषेत. आमच्याकडे पोटाची, प्रेमाची आणि भांडणाची भाषा तीच. स्पॅनिश शाळेसाठी, कचेरीसाठी आणि पाहुण्यांसाठी, कपाटातल्या चांगल्या कपबश्यांसारखी.

सेफेरिना माझ्या धाकट्या लेकीची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. मी राजधानीत, आसुन्सिओनला, कॉलेज शिकून इथे संसाराला आले. तिची शाळा तिसरीतच सुटली. वर्गात ग्वारानी बोलली म्हणून बाईंनी तिला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावलं होतं. आपल्या पोरांवर ती वेळ येऊ नये म्हणून तिने घरात फर्मान काढलं, ग्वारानी बंद. "किती वेळा सांगितलं, ही भाषा बोलायची नाही," असं ती त्यांना ओरडायची तेही त्याच भाषेत. पोरं हसून लोळायची.

तर पाण्याची गोष्ट. गावात बोअरवेल झाली, टाकी उभी राहिली. पाइप मात्र चॅपेलपर्यंत येऊन थांबणार, असं पाणी समितीत घाटत होतं. माझं घर चॅपेलच्या वर, मला नळ मिळणारच होता. सेफेरिनाचं घर खाली ताडांच्या आळीत. तिथल्या बायका ओढ्याकाठच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत. तो चढ सेफेरिनाच्या गुडघ्यांना आता झेपेना, आणि पाण्यावाचून तर तिचा धंदाच नाही.

शाळेच्या ओसरीवर सभा भरली. समितीचे अध्यक्ष डॉन एलादियो, लोखंडी सामानाच्या दुकानाचे मालक. दुकानात, घरात, फुटबॉलच्या मैदानावर ग्वारानीशिवाय शब्द न काढणारा हा माणूस टेबलामागे बसला की इस्त्री केल्यासारखा स्पॅनिश व्हायचा. "तांत्रिक मर्यादांमुळे खालच्या भागाचा समावेश तूर्त शक्य नाही," ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. ज्यांना कळलं नाही त्यांनी जरा जास्तच.

सेफेरिना उठली. सभा म्हणजे स्पॅनिश, हे तिलाही माहीत. दोन शब्द बाहेर आले, तिसऱ्यावर जीभ अडकली. मागून कोणीतरी फिस्कन हसलं. ती खाली बसली आणि सभा संपेपर्यंत स्कर्टच्या काठाशी चाळा करत राहिली.

परतताना मी म्हटलं, "कोमाद्रे, पुढच्या सभेत तुझ्या वतीने मी बोलते."

"बोल की. आणि मला तहान लागली की पाणीही तूच पी."

चॅपेलच्या वळणावर ती थांबली. "राग नको मानू. पण उखळीपाशी हीच माणसं माझ्यासमोर पोटातलं सगळं ओततात. तिथे माझी जीभ अडकत नाही. मग ओसरीवरच का अडकावी?"

पुढच्या सभेच्या दिवशी जानेवारीचं, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्याचं, ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा सावली सोडेनात. आम्ही पोचलो तर सेफेरिना आधीच हजर. बाकं ओढून तिने गोल मांडली होती. टेबल भिंतीला लावलेलं. मध्ये बर्फ घातलेली मोठी सुरई, येर्बाची पिशवी आणि तिचा जुना गुआम्पा, चांदीच्या कडेचा, बैलाच्या शिंगाचा पेला.

"हे काय?" डॉन एलादियो दारातच थबकले.

"तेरेरे. ऊन बघा काय पेटलंय. या, बसा, आधी घसा ओला करा."

तेरेरेला नाही म्हणणारा आमच्या मुलखात अजून जन्माला यायचाय. ते बसले.

तेरेरेची रीत पोरासोरांनाही ठाऊक असते. पेला एक, नळी एक, फेरी ओळीने. कोणाला गाळायचं नाही आणि कोणाच्या हातून पेला ओढायचा नाही. सेफेरिनाने त्यात एवढीच भर घातली, "ज्याच्या हातात गुआम्पा, तो बोलेल. बाकीचे पाळीची वाट बघतील. तेरेरेची बघतो तशीच."

पहिला मान अध्यक्षांचा. त्यांनी स्पॅनिशमध्ये "आदरणीय बंधुभगिनींनो" म्हटलं, एक घोट ओढला आणि घुटमळले. नळी तोंडातून काढून तसलं बोलणं म्हणजे टाय बांधून ओढ्यात उतरणं. दुसरं वाक्य आपोआप ग्वारानीत आलं. पुढे पेला गेला न्या रामोनाकडे. कुठल्याही सभेत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. तिने पेल्याकडेच बघत सांगितलं, "माझी सून भरल्या दिवसांची. विहिरीच्या उतारावर घसरली. वाचली, पण आता ती घागर बघितली तरी रडते." कोणी मधे बोललं नाही. गुआम्पा तिच्या हातात होता.

फेरी फिरून पुन्हा डॉन एलादियोंपाशी आली. पेला देताना सेफेरिना म्हणाली, "आता ते मागच्या खेपेचं सांगा. हो, ते मर्यादेचं. आम्हाला कळेलसं."

तसला शब्द ग्वारानीत आम्ही कधी वापरलाच नव्हता, सापडणार कुठून? "म्हणजे... पाइपाला पैसा पुरत नाही," ते म्हणाले. "म्हणून चॅपेलच्या वरच्यांनी नळाचं प्यायचं आणि तुम्ही... तुम्ही वाहायचं."

स्वतःचं वाक्य त्यांनाच झोंबलं असावं. ते नळीने पेल्याचा तळ खरवडत बसले. मग हळूच म्हणाले, "माझी आईपण त्याच विहिरीवर जायची."

म्हातारा क्रिस्पीन पाळीची वाट बघून चुळबुळत होता. पेला हाती येताच म्हणाला, "ठेकेदाराला खणायचे पैसे देताच ना? चर आम्ही खणू. तो पैसा पाइपात घाला. फावडी एलादियोच्या दुकानातली, उसनी. विकत नाही, आधीच सांगतो."

हशा पिकला. हात वर झाले ते मोजायचीसुद्धा गरज पडली नाही.

गुआम्पा पुन्हा अध्यक्षांकडे गेला. आता सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. आमच्यात पेला परत देताना "ग्रासियास", म्हणजे आभारी आहे, असं म्हटलं की माणूस फेरीतून उठला, त्याला पुन्हा कोणी भरून देत नाही. सभा हातची गेल्यावर ते तसं म्हणून चालते झाले असते, तर कोणी अडवलं नसतं. त्यांनी शेवटचा थेंब ओढला आणि मुकाट्याने पेला सेफेरिनाला दिला. तिने त्यांच्या डोळ्यांत बघून तो पुन्हा भरला.

त्यानंतर आमच्या सभा गोलातच भरतात. नवी कामं आली तसे नवे शब्दही लागले, आणि ते खणतानाच घडले. झडपेला आम्ही पाण्याचं तोंड म्हणतो, टाकीला पाण्याची आजी. एलादियोंच्या दुकानात तोंड मागितलं की झडप मिळते. शहरातून तपासणीला येणारा इंजिनिअरही हल्ली विचारतो, "काय, आजी बरी आहे ना?" मला मेलीला याचा केवढा अभिमान वाटतो, सांगू. एवढं शिकले, पण भाषेला हात-पाय फुटताना पाहिले ते त्या चरात.

खालच्या आळीत पाणी आलं त्या दिवशी सगळे सेफेरिनाच्या अंगणात जमलो होतो. तिची नात पेला घेऊन नळापाशी धावली आणि घरच्या शिस्तीप्रमाणे शुद्ध स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आजी, मला पाणी देता का?"

सेफेरिनाने नळावर हात ठेवला, पण फिरवला नाही.

"नीट माग," ती म्हणाली.

पोरीने आधी माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे. मग हसून तिने ग्वारानीत पाणी मागितलं, आणि सेफेरिनाने नळ सोडला.