बटनाची चप्पल

बाईला जाऊन दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाला आलेल्या प्रत्येकानं मला एकच सांगितलं, जुन्या वायरिंगनं घात केला भाऊ, तुमचा काय दोष... मी मान हलवत राहिलो. सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून तेव्हा मला बरंही वाटत होतं.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. जन्म अंगणवाडीत गेला, लग्न केलं नाही, राजुऱ्यातलं बाबांचं घर तिनंच राखलं. त्या घरात लाइट आली तेव्हा लोखंडी बोर्ड बसवले होते. अर्थिंग कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मी सहा-सात वर्षांचा असेन. ओल्या पायांनी स्वयंपाकघरातलं बटन दाबायला गेलो आणि बोर्डालाच चिकटलो. पोळ्या लाटणाऱ्या बाईनं हातातल्या लाकडी बेलण्याचा माझ्या मनगटावर असा दणका घातला, की हात सुटला आणि पुढे आठवडाभर सुजलेलाच होता. त्या दिवसापासून बोर्डाखाली रबरी चपलांचा एक जोड आला. जोड बदलत गेले, नाव तेच राहिलं, बटनाची चप्पल. ती घातल्याशिवाय बटनाला हात लावायचा नाही आणि ती घराबाहेर न्यायची नाही. माझा जावई पहिल्यांदा आला तेव्हा बाईनं त्याला आधी चप्पल दाखवली, मग पाणी विचारलं. आम्ही किती हसलो होतो.

मी चंद्रपूरला नोकरीत. दर सुट्टीत म्हणायचो, बाई, या खेपेला अर्थिंग करूनच टाकू. हिरवी वायर, खड्डा, मीठ, कोळसा... दोन-तीन दिवसांचं काम. ते वीस वर्षं राहिलं. आळशी माणूस आहे मी, दुसरं काही कारण नाही.

यंदा शेवटी वायरमनला घेऊन गेलो. बोर्डात उतरलेला करंट हिरव्या वायरीतून जमिनीत जातो, ती नसली की माणसातून जातो, असं तो बाईला समजावत होता. बाई खूश होती. तिनं नुकतीच फरशी पुसली होती. ती चहा ठेवायला गेली आणि आम्ही खड्ड्याची जागा बघायला मागच्या अंगणात निघालो. माझे बूट पुढच्या दाराशी होते. कोण तिकडून फिरून येणार, म्हणून मी बोर्डाखालची चप्पल पायात सरकवली आणि गेलो.

आतून बाईचा आवाज आला, "बाबू, चप्पल आन रे, सैपाकघरात अंधार हाये."

"आनतो," म्हणालो. पण न्हाणीजवळ खणायचं की कडुनिंबाखाली, यावर आमचं बोलणं रंगलं होतं. दोन मिनिटं गेली असतील, चार गेली असतील... मग भांडं पडल्याचा आवाज आला.

वायरमननं धावत जाऊन मेन स्विच बंद केला. मागे वळला तेव्हा त्याची नजर माझ्या पायांवर गेली.  ते तो अजून कुणाजवळच बोललेला नाही, म्हणून मी लिहितो आहे. तिनं मला त्याच बोर्डावरून सोडवलं होतं, आणि मला दहा पावलं चालून चप्पल देणं झालं नाही.

आता घरभर हिरवी वायर आहे. राहायला कुणी नाही. दर रविवारी मी राजुऱ्याला जातो आणि फरशी पुसतो. चप्पल बोर्डाखाली आहे; उजव्या पायातलीला बाईच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. ती मी घालत नाही. ओल्या पायांनी उभा राहतो आणि बटन दाबतो. दिवा लागतो. मला काहीही होत नाही.