सातव्या मजल्यावर थांबलेली लिफ्ट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मुहूर्तावर नाही, दृष्ट काढण्यावर नाही, आमच्या सोसायटीच्या सभेत होणाऱ्या ठरावांवर तर अजिबातच नाही. तरीही हे लिहितोय... कारण डोक्यातून जात नाही.

आम्ही करंजाड्याला राहतो, सातव्या मजल्यावर. माझी बायको शर्वरी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती आणि तिला पल्मनरी हायपरटेन्शन होतं – फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतला दाब वाढलेला, त्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण. गरोदरपणात हे जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. गोळ्या चुकवायच्या नाहीत, जिना बंद, रोज बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. आकडा घसरला तर फोन करत बसू नका, थेट या. आठव्या महिन्यात सिझेरियन करायचं ठरलं होतं.

आईला डोहाळजेवण हवं होतं. "छोटंसंच रे. चार बायका येतील, ओटी भरतील." प्रत्यक्षात फुलांनी मढवलेला झोपाळा आला, फुग्यांची कमान आली आणि माइकवरून लोकांना उखाणे घ्यायला लावणारी एक अँकरही आली.

दुपारी झोपाळ्यावर बसलेली शर्वरी मला दमलेली वाटली. ऑक्सिमीटर लावला. आकडा बराच खाली.

"मेंदी आहे ना बोटांना," माझी बहीण म्हणाली, "त्याने चुकतं ते."

हे मीही कुठेतरी वाचलं होतं. शास्त्रीय कारण मिळालं की मला बरं वाटतं. मग पायाचं बोट बघितलं... तिथेही मेंदी! आम्ही हसलो. शर्वरीही हसली, पण अर्ध्यावर थांबली.

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी भोईरकाका जिन्यावरून धापा टाकत आले. "काय रे, लिफ्ट काय तुमच्या घरानेच बुक केली का? खाली बायका पैठण्या सावरत उभ्या हायत!"

बघतो तर लिफ्ट आमच्याच मजल्यावर, दार सताड उघडं, आत कोणी नाही. मी बटणं दाबली, काकांनी दाबली. दार हलेना. दुसरी लिफ्ट उद्घाटनाचा नारळ फुटल्यापासून बंदच आहे.

शेवटी आईने फर्मान काढलं – कार्यक्रम खाली क्लब हाउसमध्ये.

"शर्वरी जिना उतरणार नाही," मी म्हणालो.

"मग लिफ्टमध्ये नेऊन बघ तरी तिला!"

शर्वरी आत आली. मी बटणाकडे हात नेण्याआधीच दार लागलं आणि लिफ्ट सरळ तळमजल्याकडे निघाली. घरात सगळीकडे पिवळ्या दिव्यांच्या माळा होत्या. इथे पांढरा दिवा. त्या उजेडात मला तिचे ओठ दिसले – निळसर.

क्लब हाउसकडे वळलोच नाही. गाडी काढली आणि थेट बेलापूरचं हॉस्पिटल गाठलं.

हृदय थकत चाललं होतं. त्याच संध्याकाळी सिझेरियन झालं. "अजून उशीर झाला असता तर..." एवढंच म्हणून डॉक्टर थांबले. मुलगी इवलीशी, काचेच्या पेटीत, शर्वरी आयसीयूत. बरेच दिवस मी या मजल्यावरून त्या मजल्यावर करत होतो. आज दोघी घरी आहेत.

आयसीयूत बोलायला लागल्यावर तिने आधी मुलीचं विचारलं. मग म्हणाली, "अरे, त्या बाईंना थँक्यू म्हणालास?"

"कोणत्या बाई?"

"लिफ्टमधल्या. आपण येईपर्यंत बटण दाबून उभ्या होत्या ना!"

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी स्वतःला समजावलं, ऑक्सिजन कमी पडला की मेंदू काहीही दाखवतो. कोणाजवळ बोललो नाही.

पुढे लिफ्ट कंपनीचा माणूस येऊन सगळं तपासून गेला. "साहेब, मशीन एकदम ओके आहे. दार एवढा वेळ उघडं राहतं ते आतून कोणी बटण दाबून धरलं तरच."

"आत कोणी नव्हतं हो."

"मग मला नाय सांगता येणार."

शर्वरीचं समजू शकतो, तिचा ऑक्सिजन कमी झाला होता. या माणसाला काय झालं होतं?

मी अजूनही कशावर विश्वास ठेवत नाही. फक्त रिकाम्या लिफ्टमध्ये शिरताना बटणांजवळची जागा सोडून उभा राहतो... का, ते मलाही सांगता येत नाही.